ओळंब्याची फळी

ट्रेलरचा उजवा टायर फुटला तो चढ संपून रस्ता वळतो तिथं, आणि तोही भर सकाळी, धक्क्यावरची झाडून सगळी माणसं बघत असताना. नशीब खोटं असलं की ते चारचौघांतच उघडं पडतं. आवाज झाला तरी सूनबाईनं ब्रेक दाबला नाही. पाय हळूहळू सोडला, स्टिअरिंग घट्ट धरलं, गाडी कडेला घेतली. करायचं ते सगळं तिनं नीट केलं. पण ट्रेलर एका अंगावर बसला, होडी ट्रेलरच्या रुळांवरून घसरली आणि कडेच्या दगडाला लागून तिची एक फळी उभी चिरली. मागं दोर धरून चालणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या तळहाताची सालटी निघाली.

होडीवाला बिचारा नुसता चिरलेल्या फळीवरून हात फिरवत राहिला. बोलले ते बाकीचे. एक म्हणाला गाडी जोरात होती. दुसरा म्हणाला वळण आखूड घेतलं. तिसऱ्याला स्वतःला सायकल धड येत नव्हती, पण त्यानं निकालच लावला: बाईमाणसाच्या हातात गाडी म्हटल्यावर कधी ना कधी हे व्हायचंच होतं. सूनबाई जॅक काढत होती. तिनं मान वर केली नाही. असल्या बोलण्याला उत्तरं देत बसलं तर दिवस मावळायचा.

आणि दिवस कुणाकडं होता? हा वरचा तलाव, त्याची भिंत दुरुस्त करायची म्हणून पाणी सोडायला सुरुवात झाली होती. रोज सकाळी बघावं तर पाणी उतारावर आणखी खाली सरकलेलं. सिमेंटचा उतार जिथं संपतो तिथून पुढं नुसता चिखल. पाणी त्याच्या खाली गेलं की राहिलेल्या होड्या तिथंच रुतणार, उन्हात तडकणार. म्हणून सगळ्या होड्या टेकडीवरून पलीकडच्या खालच्या तलावात न्यायच्या होत्या, आणि न्यायला अख्ख्या काठावर एकच ट्रेलर होता, तो ओळंब्याच्या घरचा.

ओळंबा म्हणजे सूनबाईचा सासरा, भिंतीचा सरळपणा जोखायच्या गवंड्याच्या दोरीवरून पडलेलं नाव. जन्मभर होड्या बांधलेला माणूस. एक डोळा मिटून बघितलं की त्याला केसाएवढा बाक दिसायचा. लोक घराची चौकट बसवली की त्याला बघायला बोलवायचे आणि गवंडी त्याला येताना बघून चहाला निघून जायचे. आता कंबर वाकली होती, हात थरथरत होते, पण डोळा शाबूत होता आणि त्या डोळ्याचा त्याला भारी अभिमान होता.

म्हातारा काठी टेकत चढ चढून आला. त्यानं बसलेला ट्रेलर पाहिला, मुलाचा सोललेला हात पाहिला आणि सुनेपुढं तळवा पसरला. तिला वाटलं पाना मागतायत, तिनं पाना दिला. त्यानं तो खाली ठेवला आणि पुन्हा तळवा पसरला.

"किल्ली," तो म्हणाला.

तिनं कमरेची किल्ली काढून दिली. म्हाताऱ्यानं ती धाकट्या मुलाच्या हातावर ठेवली. धाकटा बाहेर ट्रकवर होता, नुकताच घरी परतला होता आणि आल्यापासून त्या किल्लीकडं मांजरानं दुधाकडं बघावं तसा बघत होता. उद्यापासून हा चालवेल, म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि तू शेडवर मासळी निवडायला जा. नवरा रुमालानं हात बांधत होता. तो बांधतच राहिला.

सूनबाईनं खाली ठेवलेला पाना उचलला. मासळी निवडण्यात कमीपणा आहे असं तिला कधीच वाटलं नव्हतं. पण नवऱ्याचा गुडघा गेला तेव्हा तिनं ती गाडी शिकून घेतली होती, आणि अख्ख्या घरात, अख्ख्या काठावर ती सीट एवढीच एक जागा होती जिथं तिला कुणी 'जरा सरक' म्हणत नव्हतं. ती जागा आज सगळ्यांदेखत गेली. ती परत मिळवल्याशिवाय आपल्याला अन्न गोड लागायचं नाही, हे तिला तिथंच उमगलं.

फुटका टायर तिनं स्वतःच ढकलत पंक्चरवाल्याकडं नेला. हात काळे झाले, साडीला वंगण लागलं, वाटेत दोघीतिघींनी थांबून विचारलं की काय झालं. काय झालं ते त्यांना ठाऊक होतंच. विचारायचं म्हणून विचारलं.

पंक्चरवाला मोजून मापून बोलणारा माणूस. त्यानं टायर उलटा केला, आतली बाजू उजेडाकडं धरली आणि त्यावरून अंगठा फिरवला. बाहेरून टायर कालच आणल्यासारखा होता, नक्षी जशीच्या तशी. आतली कड मात्र पार तुळतुळीत, खालचे धागे दिसत होते. फुटला होता तो तिथंच. हवा कमी असली तर दोन्ही कडा जातात, तो म्हणाला, जास्त असली तर मधला पट्टा जातो. वळणं जोरात मारली तर बाहेरची कड जाते. हा आतून खाल्लाय. यात चालवणाऱ्याचा काही दोष नाही.

तिनंही वाकून त्या धाग्यांवरून अंगठा फिरवला. मग कशानं, तिनं विचारलं. एकतर बेअरिंग ढिली, नाहीतर दोन चाकांमधला दांडा, तो ॲक्सल वाकलेला, तो म्हणाला. कुठं आपटला होता का?

"वाकलेला होता," ती म्हणाली. "पण तो बाक आबांनी काढला. आता अगदी सरळ आहे."

तेही खोटं नव्हतं. या मोसमाच्या सुरुवातीला होड्या पाण्यात होत्या, ट्रेलर रिकामा पडून होता, तेव्हा गंज काढायला म्हणून तो सगळा खोलला होता. ॲक्सल बाजूला काढून ठेवल्यावर म्हाताऱ्यानं एक डोळा मिटला आणि त्याला दिसलं की मधोमध तो किंचित वर उचललेला आहे. झालं. त्यानं झाडाला साखळी बांधली, जॅक लावला, आणि अख्खा दिवस घाम गाळून तो बाक काढला. मग काठावरच्या प्रत्येकाला हाताला धरून आणून दाखवला. सूनबाईनं स्वतः त्याला चहा करून दिला होता आणि म्हणाली होती, आबा, आता कसा दिसतोय. म्हातारा त्या दिवशी लहान मुलासारखा खूश होता.

मग बेअरिंगच बघ, पंक्चरवाला म्हणाला.

दुपारी पंक्चरवाल्याकडचा नवा टायर चढवून, चिरलेली होडी उतरवून धाकट्यानं ट्रेलर अंगणात आणला आणि तिनं तो जॅकवर घेतला. धाकटा ओट्यावर किल्ली बोटात फिरवत बसला होता. वहिनी, आता कशाला अंग मळवताय, तो म्हणाला, उद्या मी आहे ना. तिनं पदर खोचला. ट्रेलरखाली आडवी झाली तर पहिल्यांदा तिला डावा टायर दिसला. तोही आतून गेला होता. उजव्याइतका नाही, पण गेला होता. बाहेरून उभं राहून बघणाऱ्याला हे सात जन्मांत दिसलं नसतं.

चाक वरखाली हलवून पाहिलं, जरासुद्धा ढिलं नव्हतं. फिरवलं तर खरखर नाही. चाकाच्या मधल्या हबचं टोपण काढलं, ग्रीस स्वच्छ. पाणी शिरलं असतं तर ती दह्यासारखी पांढरी झाली असती. ते व्हायचंच नव्हतं, कारण होडी पाण्यात सोडण्याआधी ती उतारावर थांबून चाकं निवू द्यायची आणि मगच ट्रेलर पाण्यात घालायची. तापलेलं चाक गार पाण्यात घातलं की पाणी आत ओढून घेतं. तिच्या त्या थांबण्यावरून काठावरचे लोक तिची टर उडवायचे, चाकांना घाम पुसायला पंचा देतेस का म्हणून विचारायचे. तर बेअरिंगही चांगली निघाली.

उरला ॲक्सल. तिनं नवऱ्याला हळूच म्हटलं की एकदा दोरी लावून बघू या का. नवऱ्यानं आधी ओट्याकडं पाहिलं. पण म्हाताऱ्याचे कानही डोळ्यासारखेच तिखट. तो आतून आपली दोरी घेऊन आला, वर्षानुवर्षं खडूत माखलेली, आणि वाकता येत नव्हतं तरी गुडघे टेकून बसला. एक टोक मुलाला धरायला लावलं, दुसरं आपण धरलं, आणि ॲक्सलच्या पोटाखालून दोरी ताणली. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटून बसली. मधून कागदही गेला नसता.

"बघ, नीट बघ," म्हातारा म्हणाला. "हा सरळ आहे. वाकडं काय असेल ते चालवणाऱ्याच्या हातात आहे."

धाकटा हसला. नवऱ्यानं दोरी सोडून दिली आणि उगाच पाने गोळा करायला लागला. सूनबाई उठली, हात धुवायला गेली आणि हौदापाशी बराच वेळ पाणी नुसतंच हातांवर ओतत राहिली. तिला राग म्हाताऱ्याचा नव्हता. दोरी खोटं बोलत नव्हती, पंक्चरवाला खोटं बोलत नव्हता आणि आपण काय केलं नाही हे तिला पक्कं माहीत होतं. मग तिघंही खरे कसे? डोकं भणभणायला लागलं होतं. त्यात उद्या 'म्हशी'ची पाळी.

म्हैस म्हणजे काठावरची सगळ्यात मोठी होडी. पाण्यात गेली की बाहेर निघायचं नाव घेत नाही म्हणून तिला सगळे म्हैस म्हणायचे. टेकडीच्या पलीकडचा उतार लांब आणि तीव्र, एका बाजूला खोल ओढा. तिथं भरल्या ट्रेलरचा टायर गेला तर गाडी, होडी, गाडीतला माणूस, कुणाचंच काही उरायचं नाही. एक वाईट विचारही तिच्या मनात येऊन गेला, की होऊ दे, मग कळेल सगळ्यांना वाकडा हात कुणाचा. पण मागं दोर धरून नवराच चालणार होता. आणि किल्ली फिरवणारा धाकटा या घरात ती आली तेव्हा तिच्या पदराआड लपायचा. तिला स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी पाणी पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले. सिमेंट संपायला जेमतेम एका होडीची लांबी उरली होती. पंक्चरवाल्याकडून आणलेला नवा टायर उजवीकडं चढला होता, डावा तोच होता. धाकट्यानं गाडी मागं घेत ट्रेलर पाण्यात घातला, चाकं निवायची वाट न बघता. म्हशीचा दोर नवऱ्यानं कप्पीला लावला. सूनबाईला होडीतलं जास्तीचं सामान काढायचं काम दिलं होतं. शेडवर जायच्या आधी तेवढं कर, असं.

धक्क्यावरून होडीत जायला एक लांब फळी होती, ओळंब्यानंच केलेली. धक्क्याच्या कडेला गेल्या मोसमातले ट्रेलरचे जुने टायर बांधले होते, होड्या घासू नयेत म्हणून. फळीवर पाय ठेवताना तिची नजर त्यांच्यावर गेली आणि ती थबकली. ते टायर झिजून गुळगुळीत झाले होते, पण सगळीकडून सारखे, आतून बाहेरून एकसारखे. रस्ता हाच, होड्या याच, चालवणारीही हीच. मग मधे बदललं काय?

ती त्याच विचारात फळीवर चढली. फळी मधोमध वर उचललेली होती, कमानीसारखी. नवखा माणूस ती बघून हसायचा, म्हणायचा हिच्यात बाक राहिला की. त्यावर म्हाताऱ्याचं उत्तर ठरलेलं: जरा उभा राहून बघ, मग बोल. सूनबाई रोज त्या फळीवरून ये-जा करायची आणि कधी तिनं त्याचा विचार केला नव्हता. होडीतून परत येताना आज तिच्या दोन्ही हातांत नांगर आणि साखळी होती. ती मधोमध आली तशी फळी तिच्या वजनानं खाली दबली, आणि दबता दबता अगदी सरळ झाली. पायांखाली तिला ते कळलं.

धक्क्यावर येऊन ती वळली आणि रिकाम्या फळीची कमान पुन्हा वर आलेली बघत राहिली. तिच्या अंगावर काटा आला.

ती भानावर आली तोपर्यंत फळी काढून म्हैस ट्रेलरवर चढवली होती. पाण्याचे ओघळ चाकांवरून खाली येत होते, धाकट्यानं इंजिन चालू केलं होतं. सूनबाई नांगर तिथंच टाकून धावत आली आणि गाडीच्या पुढ्यात उभी राहिली. धाकट्यानं हॉर्न वाजवला. ती हलली नाही. लोक बोलायला लागले की हिला किल्ली गेल्याचं लागलंय. नवरा लंगडत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला की बाजूला हो, पाणी उतरतंय, तमाशा नको.

"आबा," ती म्हाताऱ्याकडं बघून म्हणाली, "तुमची दोरी द्या."

म्हाताऱ्याच्या कपाळावर शीर उठली. काल दाखवली ना, तो म्हणाला.

"काल ट्रेलर रिकामा होता."

"म्हणून काय झालं?"

"फळीला तुम्ही कमान का ठेवता?"

म्हाताऱ्याची नजर फळीकडं गेली. आजूबाजूचे लोक एकमेकांकडं बघायला लागले, त्यांना यातलं काही कळलं नव्हतं. म्हाताऱ्याला कळलं होतं. त्याचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. पण असा माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानत नाही. त्यानं धाकट्याला इंजिन बंद करायला लावलं, चाकांना दगड लावले, काठी टाकली आणि ओल्या सिमेंटवर आडवा झाला. इतक्या वर्षांत त्याला कुणी असं जमिनीवर पडलेलं पाहिलं नव्हतं. तो कोपरांवर रांगत ट्रेलरखाली गेला. दुसऱ्या बाजूनं ती गेली. वरून म्हशीच्या तळाचं शेवाळ त्याच्या पांढऱ्या केसांवर गळत होतं.

दोघांनी दोरी ताणली. मधोमध ॲक्सल दोरीवर टेकला आणि दोन्ही टोकांना ती सुटी राहिली. भारानं ॲक्सलचं पोट खाली आलं होतं, आणि दोन्ही चाकांची डोकी आत, होडीकडं झुकली होती. भरला ट्रेलर आतल्या कडांवर चालत होता. म्हाताऱ्यानं टोकाशी, दोरी आणि लोखंडाच्या मधल्या फटीत आपली करंगळी घातली. करंगळी आरामात गेली.

"लोखंड आहे, ते कशाला वाकतंय, असं वाटलं मला," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की तिला एकटीलाच ऐकू गेला. "तो बाक नव्हता गं. तो ठेवलेला होता."

तिनं दोरीचं टोक सोडलं. आपण खरे ठरलो याचा आनंद व्हायला हवा होता, तो कुठं दिसेना. तिनं पदरानं त्या म्हाताऱ्या डोक्यावरचं शेवाळ पुसलं. ती एवढंच म्हणाली की आबा, बाहेर चला, गारवा बाधेल. त्याला एकट्याला निघता येईना. तिनं काखेत हात घालून ओढून काढलं. गुडघा खरचटला होता, धोतराला चिखल लागला होता. समोर सगळा काठ उभा होता.

"होडी उतरवा," म्हातारा म्हणाला. "ॲक्सल मी बिघडवलाय."

कुणी हसलं नाही. एकजण म्हणाला की पाणी गेलं तर म्हैस इथंच राहील. राहू दे, म्हातारा म्हणाला, माणसं राहतील. धाकटा गाडीतून उतरला. तोंड पडलं होतं, पण हात कामाला लागले. म्हैस पुन्हा पाण्यात सोडली, ट्रेलर धक्क्यावर घेतला, ॲक्सल खोलला. ज्या हातांनी बाक काढला त्याच हातांना आता तो घालायचा होता. साखळी बांधली, मधे जॅक लावला. म्हाताऱ्याचे हात फार थरथरत होते म्हणून दांडा नवऱ्यानं मारला आणि म्हातारा एक डोळा मिटून टोकाशी बसला. आयुष्यभर वाकडं ते सरळ केलेला माणूस, सरळ ते वाकडं करताना त्याच्या तोंडावरची माशी हलत नव्हती. थोडं झालं की तो हात वर करायचा, सुनेकडं बघायचा.

"किती ठेवू?" त्यानं विचारलं.

"फळीला ठेवता तेवढी," ती म्हणाली. "मग भरून बघू."

भरून बघितलं. पहिल्यांदा कमी पडली. पुन्हा होडी उतरवली, पुन्हा खोललं. धाकटा न सांगता पंक्चरवाल्याकडं जाऊन डाव्या बाजूला चांगला टायर घेऊन आला, खांद्यावर, धापा टाकत. उन्हं कलली. पाणी सिमेंटच्या शेवटच्या कडेला आलं होतं आणि मागं चिखलाचा वास सुटला होता. तिसऱ्या खेपेला म्हैस चढवली तेव्हा दोरी ॲक्सलला चिकटून बसली. म्हाताऱ्यानं करंगळी घालून बघितली. गेली नाही.

गाडीत कोण बसणार हे कुणी बोललं नाही. धाकट्यानं किल्ली काढून बोनेटवर ठेवली आणि मागं दोराशी जाऊन उभा राहिला, भावाच्या हातातून दोर घेऊन. सूनबाईनं किल्ली उचलली. चढ नीट गेला, वळण गेलं. टेकडीच्या माथ्यावर तिनं गाडी थांबवली. पुढं तो उतार, बाजूला ओढा.

थांबल्यावर म्हातारा गाडीच्या मागून पुढं आला. तिला वाटलं आत बसायला येतोय. तो आला आणि ट्रेलरच्या उजव्या चाकाशी, ओढ्याच्या बाजूला उभा राहिला, चाक आणि खोल कडा यांच्या मधे जेमतेम पाऊल मावेल एवढ्या जागेत.

तिनं खिडकीतून मान काढून सांगितलं की आबा, तिथून बाजूला व्हा. तो हलला नाही. फुटला तर आधी मला कळेल, तो म्हणाला, तू समोर बघ. नवऱ्यानं हाक मारली, धाकट्यानं मारली. म्हाताऱ्यानं काठीनं रस्ता दाखवला.

मग तिला त्याच्या चालीनं उतरावं लागलं. पहिला गिअर, पाय ब्रेकवर आणि ब्रेक तापू नये म्हणून पुन्हा सोडायचा. मागून म्हशीचं सगळं ओझं गाडीला ढकलत होतं. पाठीवरून घाम वाहत होता. आरशात तिला एकच दिसत होतं, चाकाशेजारी वाकून चालणारी ती कंबर, आणि मिटलेला एक डोळा. एका ठिकाणी खडा उडाला तसा फट्ट आवाज झाला आणि तिचं काळीज जागेवर राहिलं नाही. कंबर तशीच चालत होती. ओढा वळला, रस्ता रुंद झाला, खालचा तलाव दिसायला लागला, तरी तिनं श्वास सोडला नाही.

उताराच्या तळाशी, पाण्याच्या अलीकडं ती थांबली. चाकं निवू द्यायची होती. ती उतरून आली तेव्हा म्हातारा चाकापाशी गुडघे टेकून बसला होता. त्यानं टायरच्या बाहेरच्या कडेवर तळवा ठेवला, थोडा वेळ ठेवला. मग हात आत घातला आणि आतल्या कडेवर ठेवला. मग पुन्हा बाहेर. तेच डाव्या चाकाला जाऊन केलं. धाकटा, नवरा, दोघंही दोर टाकून बघायला आले.

म्हातारा तिच्याकडं वळला. तळवा काळा झाला होता. तो उठायला गेला, उठता येईना, तेव्हा त्यानं तोच काळा हात तिच्यापुढं पसरला. तिनं तो धरून त्याला उभं केलं.

"आतबाहेर सारखाच तापलाय," तो म्हणाला. "हिला सोड पाण्यात, आणि जा, पुढची घेऊन ये."